तू एवढी गप्प?

"तू आज एवढी गप्प का गं? वर्गात तर तुझंच तोंड सगळ्यात जास्त चालायचं," शाळेतल्या मैत्रिणी इतक्या वर्षांनी भेटलो तेव्हा एक जण सहज म्हणाली, सगळ्या हसल्या, मीही हसले, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

कारण ऑफिसमध्ये मी शांत, मोजकं बोलणारी, आणि मलाही वाटायचं की मी पहिल्यापासून अशीच आहे.

तिला मात्र सगळं आठवत होतं, मी बोलते म्हणून बाईंनी तीनदा माझा बाक बदलला होता ते पण. मला त्यातलं काहीच आठवेना.

आणि तासाभराने बघते तर मीच सगळ्यांना मध्येच तोडून मोठमोठ्याने बोलत होते!

आत्ता घसा बसलाय आणि खूप छान वाटतंय, खरंच. ही मुलगी इतकी वर्षं कुठे होती?