इंदूरची हद्द नेमकी कुठवर?

राजवाड्यावरून राऊकडे निघा किंवा विजयनगरहून सुपर कॉरिडॉरला जा, शहर सलगच दिसतं. कागदावर ते तसं नाही. निगमची, म्हणजे महापालिकेची हद्द एक, मास्टर प्लॅनचं निवेश (नियोजन) क्षेत्र त्याहून मोठं, पोलीस आयुक्तालयाची रेषा तिसरीच. राऊला स्वतंत्र नगर परिषद आहे. महूची छावणी संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे आहे. पिथमपूर तर धार जिल्ह्यात मोडतं. लोकांचे अर्ज अडकतात ते बहुधा या रेषांच्या मधल्या फटीत. त्यामुळे कुठल्याही कामाला निघताना आधी जागा कोणाच्या हद्दीत येते ते पाहावं आणि मगच खिडकी शोधावी.

निगम 1956 च्या मध्य प्रदेश महापालिका कायद्याने चालतं. 2014 मध्ये आजूबाजूची 29 गावं आत आली आणि वॉर्ड 69 चे 85 झाले. महापौर थेट लोकांच्या मतांनी निवडून येतात आणि त्यांची परिषद (एमआयसी) तेच नेमतात. आयुक्त मात्र राज्य सरकार पाठवतं आणि रोजचं प्रशासन त्यांच्या हाताखाली चालतं. म्हणून पार्षदाला (नगरसेवकाला) नुसतं भेटून काम पुढे सरकत नाही. तक्रार निगमच्या 311 ॲपवर टाका, नंबर जपून ठेवा आणि तो नंबर घेऊन झोन कार्यालयात जा. तिथून हललं नाही, तर 181 वर सीएम हेल्पलाइन. नंबर नसलेली तोंडी तक्रार कोणालाही बांधील करत नाही.

इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं ते कशामुळे, याची चर्चा खूप होते, पण तिच्यात मुख्य मुद्दा राहून जातो. कचऱ्याची सगळी साखळी एकाच संस्थेच्या ताब्यात आहे. दारात येणारी गाडी, ट्रान्सफर स्टेशन, देवगुराडियाची कचरा प्रक्रियेची जागा, घरोघरी घेतलं जाणारं शुल्क, हे सगळं निगमचं. तिथला रोज 550 टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प 2022 मध्ये सुरू झाला. तो खासगी भागीदारीत आहे, पण कचरा वेगळा करून पोचवायची जबाबदारी निगमचीच. कुठे बिघडलं तर जाब कोणाला विचारायचा, हे स्पष्ट आहे.

जमिनीच्या बाबतीत नेमकं हेच नाही. शहराच्या कडेला प्लॉट घेणाऱ्याची वाट किमान चार कार्यालयांतून जाते. खसरा-बी1 ची, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याची नक्कल महसूल खात्याकडून. त्या खसऱ्याचा भू-उपयोग आणि मंजूर लेआउट नगर तथा ग्राम निवेश या नियोजन खात्याकडे, म्हणजे टी अँड सीपीत. शेतीची जमीन असेल तर डायव्हर्शन (बिगरशेती वापरासाठी बदल) झालंय का, ते पुन्हा महसूलकडे. कॉलनीची विकास परवानगी निगम हद्दीत निगमची कॉलनी सेल देते, बाहेर जिल्हा प्रशासन. शिवाय रेरा नोंदणी. यातली विकास परवानगी लोक सर्वांत कमी बघतात आणि नंतर तीच महागात पडते. कॉलनायझरला, म्हणजे कॉलनी पाडणाऱ्याला काही प्लॉट, सहसा चतुर्थांश, हमी म्हणून बंधक ठेवावे लागतात. रस्ते, नाल्या, वीज पूर्ण झाल्यावर ते मोकळे होतात. तुम्हाला दाखवलेला प्लॉट बंधक यादीत आहे का, हे लेआउटच्या नकाशाशी क्रमांक जुळवून पाहा. ब्रोशरवरचा क्रमांक आणि मंजूर नकाशावरचा क्रमांक एकच असेल, असं धरून चालू नका.

नोटरीवर विकलेला प्लॉट, किंवा शेतजमिनीतला 'अविभाजित हिस्सा' म्हणून झालेली रजिस्ट्री, या दोन्हींपासून लांबच राहा. रजिस्ट्री आणि नामांतरण झालं म्हणजे कॉलनी वैध झाली असं नाही. घर बांधायला नक्शा पास करायची वेळ आली की लेआउट मागतात, आणि तो नसतोच.

इंदूर विकास प्राधिकरणाचं गणित वेगळं. 1924 च्या नगर सुधार न्यासातून ते पुढे उभं राहिलं. योजना क्रमांक 54, 74, 78, 140 ही नावं इंदूरकरांच्या तोंडात आहेत, पण योजना विकसित झाली की ती निगमकडे हस्तांतरित व्हावी लागते, हे फारसं कोणी लक्षात घेत नाही. तोवर तिथला रस्ता, ड्रेनेजचं चेंबर, पथदिवा प्राधिकरणाचा. चेंबर तुंबलं की निगमचा माणूस हस्तांतरण झालं नाही म्हणतो, प्राधिकरणाचा माणूस देखभाल आमची नाही म्हणतो. अशा वेळी योजनेचं हस्तांतरण पत्र कोणत्या तारखेचं आहे, हे माहितीच्या अधिकारात मागा. ते हाती आलं की वाद संपतो.

आणि पाणी? नळाचं पाणी शेजारच्या जिल्ह्यातून येतं. मंडलेश्वरजवळ जलूदला नर्मदेतून उचलून ते वांचू पॉइंटपर्यंत चढवायचं आणि तिथून उताराने शहरात आणायचं, असा हा प्रवास. वापरलेलं पाणी कान्ह नदीतून उज्जैनकडे जातं आणि शिप्रेला मिळतं. इंदूरचा नाला उज्जैनच्या घाटावर पोचतो, म्हणून 2016 च्या सिंहस्थासाठी कान्हचं पाणी वळवायला वेगळी पाइपलाइन टाकली आणि 2028 साठी बंद कालव्याचं काम हाती घेतलं. दोन्ही खर्च टोकाशी झाले. उगमाशी प्रक्रिया न झालेलं सांडपाणी राहिलं, तर कितीही लांब कालवा काढा, ते पाणी कुठेतरी बाहेर पडणारच. निगमच्या हद्दीत विचार करून हा प्रश्न सुटणारा नाही.

याच कारणाने महानगर क्षेत्राच्या कायद्याकडे आशेने पाहावंसं वाटतं. 2025 मध्ये विधानसभेने तो मंजूर केला आणि इंदूरसोबत उज्जैन, देवास, धार जिल्ह्यांचे भाग एका क्षेत्रात घेण्याची योजना आहे. राज्यघटनेच्या 243-झेडई कलमात महानगर नियोजन समिती 1993 पासून आहे आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडायचे आहेत. ही अट महत्त्वाची. नवं प्राधिकरण फक्त जमीन घेणारी आणि रस्ते काढणारी आणखी एक संस्था ठरलं, तर इंदूरजवळच्या मांगलिया किंवा सांवेरच्या शेतकऱ्याला अजून एक खिडकी वाढेल, एवढंच. पाणी, सांडपाणी आणि बस यांचं नियोजन त्याच्याकडे खरोखर गेलं, तर फरक पडेल.

आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी मुदत मिळते. 1973 च्या नगर तथा ग्राम निवेश कायद्यात विकास योजनेसाठी ती 30 दिवसांची आहे. हरकत लिहिताना खसरा क्रमांक, गावाचं नाव, मसुद्यात दाखवलेला भू-उपयोग आणि तुम्हाला हवा असलेला बदल, हे चारही लिहा. खसऱ्याची नक्कल आणि नकाशाचा तो तुकडा जोडा. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. सुनावणीच्या दिवशी शिक्क्याची ती प्रत सोबत ठेवा.