साइनच्या डोक्यावरचा दोन

दहावीच्या सहामाहीत साइन वर्ग 30 अंशांची (sin² 30°) किंमत विचारली होती. मी 30 चा वर्ग केला, 900. त्यातून पूर्ण फेरीचे 360 दोनदा वजा केले, उरले 180, आणि साइन 180 म्हणजे शून्य. ही हुशारी अकरावीतल्या दादाच्या वहीतली. मार्कही शून्यच पडले. आकडेमोडीत चूक सापडेना, म्हणून पेपर घेऊन तावातावाने सरांकडे गेलो.

“काहून रे, थो दोन कोनाच्या डोक्यावर हाय का साइनच्या? आंधी साइन काढ, मंग जे येईन त्याले त्यानंच गुण.”

साइन 30 अर्धा, म्हणजे अर्धा गुणिले अर्धा, पाव. पटलं, पण डोक्यात शिरलं नव्हतं. सरांनी ते ओळखलं असावं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या विहिरीचा दोर मैदानात आला. हात-हात अंतरावर गाठी मारून 3, 4, 5 हातांचा त्रिकोण ताणला, कोपऱ्यांवर खुंट्या ठोकल्या. कबड्डीच्या फक्कीने तिन्ही बाजूंवर चौरस आखले, आत हात-हाताची घरं पाडली. मोजली तर 9, 16 आणि कर्णावर 24! एक रेघ कुणाच्या तरी पायाने पुसली होती. ती पुन्हा ओढल्यावर 25 भरली. साइन म्हणजे कोनासमोरची बाजू भागिले कर्ण; तीन हातांच्या बाजूसमोरच्या कोनाचा साइन 3/5, त्याचा वर्ग 9/25. म्हणजे चौरसाला चौरसाने भाग, बस्स. कोसाइन म्हणजे कोनालगतची बाजू भागिले कर्ण, त्याचा वर्ग 16/25. दोन्हींची बेरीज एक का येते, हे मला त्या धुळीत दिसलं. गाठी मात्र कुणी सोडल्या नाहीत. दोर गिरकीत अडकला आणि शिपायाने आमचा उद्धार केला तो वेगळा.

0, 30, 45, 60, 90 अंशांच्या साइनचे वर्ग ओळीने लिहून बघा: 0, पाव, अर्धा, पाऊण, एक. वर्गमुळांचा तो किचकट तक्ता पाठ करण्याआधी ही ओळ कुणी दाखवली असती तर!

परवा मुलीचा अमरावतीच्या होस्टेलवरून फोन आला. “बाबा, साइन वर्ग 30 कॅल्क्युलेटरवर 0.976 येते.” 45 च्या आतला कोन, वर्ग अर्ध्याच्या पुढे जाईलच कसा? तीस अंश नाही, तीस रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) धरले असणार त्याने.

“माय, स्क्रीनवर वरच्या बाजूला बारकं अक्षर आहे ना, डी आहे का आर?”

“थांबा... आर.”