घरातलं घरातच

आज एकदाचं सिंकथिंग बसवलं, म्हणजे दोन कॉम्प्युटरवरचं फोल्डर सारखं (सिंक) ठेवणारं सॉफ्टवेअर. माझा जुना लॅपटॉप आणि हॉलमधला डेस्कटॉप. एकाचा लांबलचक डिव्हाइस आयडी दुसऱ्यात टाकला, फोल्डर शेअर केलं आणि 40 जीबी फोटो घरच्या वायफायवरूनच सरकायला लागले. राउटरला येणारी इंटरनेटची वायर काढून पाहिली (खोड जात नाही), तरी चालूच! मधे कुणाचा सर्व्हर नाही, महिन्याचं भाडं नाही.

मग माती खाल्ली. लॅपटॉपवर जागा हवी म्हणून गणपतीचे फोटो उडवले, तर डेस्कटॉपवरूनही गायब. बरोबरच आहे म्हणा, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. फाइल व्हर्जनिंग (बदललेल्या किंवा उडवलेल्या फाइलची जुनी प्रत जपून ठेवणं) आपणच चालू करावं लागतं, ते मी केलंच नव्हतं. नशीब, पेनड्राइव्हवर एक कॉपी होती. आईला अजून काही बोललेलो नाही.