पायाचं बटण, कॉम्प्युटरचा आवाज आणि अर्थिंगची भानगड

हॅम रेडिओला, म्हणजे हौसेच्या वायरलेसला, फूटस्विच जोडायला अर्धा तास पुरतो. कॉम्प्युटरही तेवढ्याच वेळात जोडून व्हायला पाहिजे, पण मधे अर्थिंग येतं आणि अख्खी रात्र खाऊन जातं.

मी लातूरचा. धंदा मोटार रिवाइंडिंगचा, गिऱ्हाईक मला मिस्तरी म्हणतं. दिवसभर जळालेल्या पाच एचपी, साडेसात एचपी, बोअरमधल्या सबमर्सिबल. रात्री शटर ओढलं की मागच्या खोलीत आयकॉमचा आयसी-७१८ चालू होतो. शंभर वॅटचा साधा एचएफ, म्हणजे लांबवर पोचणाऱ्या लघुलहरींचा, रेडिओ. रंगीत स्क्रीन नाही, मागे यूएसबीचं भोक नाही, म्हणून नव्या पोरांना तो जुनाट वाटतो. मला तो त्याच कारणासाठी आवडतो. जे जोडायचं ते आपल्या हाताने जोडता येतं.

पायाचं बटण कशाला, असं बरेच जण विचारतात. नेटवर (इंटरनेट नव्हे, हॅम मंडळी हवेत एकत्र जमतात ते) निरोप घ्यायला बसा म्हणजे कळेल. एका हातात माईक, त्याचं बटण दाबून धरलेलं; दुसऱ्या हातात पेन; वही टेबलावरून सरकतेय आणि रेडिओची खुंटी फिरवायला तिसरा हात नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्या जिल्ह्यात किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हॅम मंडळींनी निरोप पोचवायचं काम केलं होतं. असा निरोप म्हणजे गप्पा नव्हेत. नाव, गाव, आकडा, सगळं लिहून घ्यायचं, समोरच्याला परत वाचून दाखवायचं, मग पुढे पाठवायचं. त्याला दोन्ही हात मोकळे लागतात.

आता काम. माईकवरचं बोलायचं बटण, ज्याला आम्ही पीटीटी म्हणतो, ते फक्त एक वायर ग्राउंडला टेकवतं. टेकली की रेडिओ प्रसारण करतो, सुटली की ऐकतो. आयकॉमच्या आठ पिनांच्या गोल सॉकेटमध्ये पाचवी पीटीटी आणि सहावी तिचं ग्राउंड. पायाचं बटण या दोघींच्या मधे लावायचं, झालं. दुसऱ्या पिनेवर आठ व्होल्ट असतात, तिला मात्र चुकूनही ग्राउंडला लावू नका.

बटण कोणतं, यावर माझं मत ठाम आहे. शिलाई मशीनच्या मोटारीचं पॅडल नको. ते स्विच नाही, वेग कमी-जास्त करायचं कंट्रोल आहे आणि त्यातून २३० व्होल्ट खेळतात. गिटारवाल्यांचं पॅडलही बहुतेक वेळा उपयोगाचं नाही, कारण ते एकदा दाबलं की चालू आणि पुन्हा दाबलं की बंद. आपल्याला पाय उचलला की सुटणारं हवं. पॉवर प्रेसला आणि स्पॉट वेल्डिंगला लावतात ते लोखंडी फूटस्विच इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतं, वजनदार असतं, फरशीवर सरकत नाही. पण त्याच्या आतले काँटॅक्ट पाच-दहा अँपिअरसाठी केलेले. पीटीटीच्या वायरीतून जातात थोडेसे मिलिअँपिअर. एवढ्याशा करंटला काँटॅक्टवर साचलेला थर जाळता येत नाही, मग बटण कधी लागतं, कधी लागत नाही. स्टार्टरचा काँटॅक्टर कंट्रोलच्या कामाला लावला की हाच त्रास होतो, आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. म्हणून बॉडी ती ठेवायची आणि आत छोटा मायक्रोस्विच बसवायचा. वायर शील्डची घ्यायची आणि रेडिओच्या टोकाला पीटीटी आणि ग्राउंडच्या मधे १०३ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर टाकायचा, म्हणजे अँटेनाची आरएफ, म्हणजे रेडिओ लहर, या लांब वायरीतून आत शिरत नाही.

आमच्या घरात हे बटण आलं त्या दिवशी बायको दारात उभी राहून म्हणाली, "अवो, एकटेच पाय कशाला आपटलालाव?" आता सवय झाली. उलट टेबलाखाली झाडताना तीच म्हणते, तुमचं ते पॅडल उचला.

कॉम्प्युटर लावायचं कारण एफटी८. कॉम्प्युटरने रेडिओवरून छोटे निरोप पाठवायची ही पद्धत २०१७ साली जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी काढली. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या, पन्नास हर्ट्झची पट्टी, आणि कानाला ऐकूही येत नाही इतका बारीक सिग्नल कॉम्प्युटर वाचून दाखवतो. रात्री शेतीची थ्री फेज आली की लाइनीवरच्या कुठल्यातरी सैल जोडात ठिणग्या पडतात आणि चाळीस मीटरच्या रेडिओ पट्ट्यावर सगळं खरखरायला लागतं. तिथे माणसाचं बोलणं बुडतं, एफटी८ तग धरतं. ७.०७४ मेगाहर्ट्झवर लावायचं, रेडिओचा मोड अप्पर साइडबँड ठेवायचा. चाळीस मीटरवर बोलताना लोअर असतो, म्हणून इथे नवखे गोंधळतात.

पीटीटी कॉम्प्युटरकडूनही द्यायची असते. त्यासाठी यूएसबी-सिरिअल कन्व्हर्टरच्या आरटीएस वायरीवरून, म्हणजे कॉम्प्युटरला चालू-बंद करता येते त्या वायरीवरून, पीसी८१७ ऑप्टोकपलर चालवलाय. तो इशारा उजेडातून पलीकडे देतो, दोन बाजूंच्या वायरी जुळत नाहीत. हा कपलर विकत घ्यायची गरज नाही, मेलेल्या मोबाइल चार्जरमध्ये बहुतेक वेळा सापडतो आणि मोबाइल रिपेअरवाला मूठभर चार्जर फुकट देतो. आतल्या एलईडीला एक किलोओहमचा रेझिस्टर, आणि सिरिअलची वायर उलट्या व्होल्टेजलाही जाते म्हणून एलईडीला उलटा १एन४१४८ डायोड. दुसऱ्या बाजूचा कलेक्टर पाचव्या पिनेला, एमिटर सहाव्या पिनेला. म्हणजे पायाच्या बटणाशी सरळ पॅरलल. पाय दाबा नाहीतर कॉम्प्युटरने दाबावं, रेडिओला फरक पडत नाही. फक्त आरटीएसच्या वायरीत एक साधा टॉगल स्विच टाका. लॅपटॉप चालू होताना ही वायर काही वेळा आपोआप वर जाते आणि तुम्ही चहा घेत असताना रेडिओ हवेत गेलेला असतो.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. मग आवाजाची वायर लावली, आणि मोटार सिंगल फेजवर अडकली की जशी गुंगते तशी गुणगुण स्पीकरमध्ये सुरू झाली. लॅपटॉपचा चार्जर काढला की बंद, लावला की पुन्हा चालू. दोष लॅपटॉपचा नाही, रेडिओचाही नाही. दोघांची ग्राउंड वेगवेगळ्या रस्त्याने जमिनीला जातात, मधल्या फरकाचा करंट तुमच्या आवाजाच्या वायरीच्या शील्डमधून वाहतो आणि रेडिओ त्यालाच आवाज समजतो.

आमच्याकडे तर तो रस्ताच धड नसतो. चार्जरची तिसरी पिन तोडून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घुसवलेली, आणि अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षं कोरडा. अर्थिंग नसलं की एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग पॉवर सप्लायच्या, आतल्या फिल्टर कपॅसिटरमुळे लोखंडी डबा मेनच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. करंट थोडाच असतो, पण हात लावला की मुंग्या येतात. गिऱ्हाइकाला मी कोळसा-मीठ भरा, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी सोडा असं सांगत असतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा हे सांगायची माझी हिंमत नव्हती. प्यायला घागर नाही आणि मिस्तरी म्हणतोय जमिनीत ओता!

अर्थिंग सुधारावंच, पण गुणगुण घालवायचा पक्का उपाय म्हणजे दोन्ही ग्राउंड एकमेकांना लावूच नयेत. मधे ट्रान्सफॉर्मर टाका. ६०० ओहमला ६०० ओहम, एकास एक. डायल-अप इंटरनेटच्या काळातलं मोडेम कार्ड भंगारात मिळालं तर त्यावर टेलिफोन लाइनचा असा छोटा ट्रान्सफॉर्मर बऱ्याचदा असतो. मीटर लावून दोन्ही वाइंडिंग बघा, एकमेकांशी काही संबंध दिसायला नको. दोन लागतात, एक जाणाऱ्या आवाजाला, एक येणाऱ्या. आवाज चुंबकातून पलीकडे जातो, ग्राउंड अलीकडेच राहतं. आयुष्यभर वाइंडिंग भरणाऱ्या माणसाला यात नवल वाटू नये, पण गुणगुण एका फटक्यात थांबली तेव्हा मला मजा वाटली. पीटीटीला ऑप्टोकपलर लावलाय तोही याच कारणासाठी, नाहीतर एका वायरीत तोडलेलं ग्राउंड दुसरीतून परत जुळतं.

दुसरी गोष्ट पातळीची. कॉम्प्युटर जवळपास व्होल्टभर आवाज देतो, माईकच्या सॉकेटला काही मिलिव्होल्टच हवे असतात. म्हणून दहा किलोओहम सिरीजमध्ये आणि शंभर ओहम आडवा: शंभरातला एक भाग पुढे जातो. आयकॉमच्या पहिल्या पिनेवर माईकसाठी डीसीही येतं, तेव्हा मधे एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला, नाहीतर ते डीसी तुमच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जाईल. येणारा आवाज मी मागच्या एसीसी (जादा जोडण्यांच्या) सॉकेटवरून घेतो. तो आवाजाच्या खुंटीवर अवलंबून नसतो, त्यामुळे रात्री घरातले झोपले की स्पीकर बंद करूनही काम चालतं.

लॅपटॉपचं स्वतःचं साउंड कार्ड मी वापरत नाही. यूएसबीचं छोटं स्वस्त कार्ड रेडिओपुरतं वेगळं ठेवलंय. विंडोजची टिंगटिंग आणि नातेवाइकांचे व्हिडिओ लॅपटॉपच्या स्पीकरवर, रेडिओचं कार्ड फक्त रेडिओला. एकच कार्ड असलं की ती टिंगटिंग हवेत जाते आणि जग ऐकतं.

आवाज किती चढवायचा, याला मीटरवरची एएलसीची पट्टी बघायची; आवाज जास्त झाला की रेडिओ आपोआप आवरतो, ते ती दाखवते. बोलताना ती हलली तर चालतं, एफटी८ ला ती जागची हलता कामा नये. हलली की सिग्नल पसरतो आणि शेजारच्याचं जेवण नासतं. बोलणं दणदणीत करणारा कॉम्प्रेसर बंद. पॉवर पंचवीस-तीस वॅटवर, कारण बोलण्यात श्वास असतो, इथे १२.६४ सेकंद सलग दम काढायचा असतो आणि फायनल ट्रान्झिस्टर तापतात.

प्रसारण चालू झालं की माउस अडकत असेल तर ती आरएफ आहे, ती यूएसबीच्या वायरीतून शिरते. फेराइटची कडी घ्या आणि वायर तिच्यातून चार-पाच वेळा फिरवा. नुसती एकदा ओवून एचएफवर फारसं काही होत नाही. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणून जागा असेल तेवढे वेढे घाला.

परभणीच्या एका दोस्ताकडे केनवूड आहे, त्याने हीच आकृती मागितली होती. केनवूडचं आठ पिनांचं सॉकेट दिसायला हुबेहूब हेच, पण तिथे पीटीटी दुसऱ्या पिनेवर आणि आठ व्होल्ट पाचवीवर. म्हणजे माझी वायर तशीच खुपसली तर पायाचं बटण पीटीटीऐवजी आठ व्होल्टच्या पिनेवर जाऊन बसतं. त्याला सांगितलं, आधी मॅन्युअलचं शेवटचं पान, मग मीटर, मग डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर), आणि अँटेना सगळ्यात शेवटी.