एवढा समुद्र पडलाय, मग हा मासा तिथेच का?

घरी कुणी आलं आणि टँकपाशी थबकलं की पहिला प्रश्न असतो, हा मासा कुठला? मी सांगते, बांगाई कार्डिनल. इंडोनेशियात सुलावेसीच्या पूर्वेला बांगाई नावाचा बेटांचा पुंजका आहे, मूळचा फक्त तिथलाच. मग पुढचा प्रश्न ठरलेला: "पण समुद्राला काय कुंपण असतं? एवढं पाणी पडलंय, मग हा तिथेच का?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा निवांत सांगते. उत्तर आहे बापाच्या तोंडात.

मासा जेमतेम सात-आठ सेंटिमीटरचा. चंदेरी अंग, त्यावर तीन काळे उभे पट्टे, परांवर पांढरे ठिपके, शेपटी खोलवर दुभंगलेली. लाटांचा मारा नसलेल्या उथळ खाड्यांमध्ये, समुद्री गवतात नाहीतर प्रवाळाच्या आडोशाला हे घोळक्याने तरंगत असतात. सगळ्यात लाडकी जागा म्हणजे अर्चिन, लांब काळ्या सुयांचा तो गोळ्यासारखा समुद्री प्राणी. धोका जाणवला की घोळकाच्या घोळका सुयांत शिरतो.

पहिल्यांदा माझ्या टँकमधल्या नराने खाणं सोडलं तेव्हा तो आजारी पडला असं वाटून मी घाबरले होते. अन्न समोरून तरंगत जायचं, हा ढुंकूनही बघायचा नाही. हनुवटीखाली फुगवटा आलेला. टॉर्च लावून बाजूने पाहिलं, तर जबड्याखालच्या पातळ कातडीतून नारिंगी मणी दिसत होते. मादी अंड्यांचा गुंता घालते आणि नर तो तोंडात घेतो, हे वाचलेलं होतं, पण डोळ्यांसमोर बघणं वेगळंच. मधूनच तो तोंड थोडं उघडतो, अंड्यांचा गोळा हलवून घेतो, पुन्हा मिटतो. अंडी फुटायला साधारण तीन आठवडे. त्यानंतरही पिल्लं बाहेर येत नाहीत, आणखी आठ-दहा दिवस तोंडातच वाढतात. हा सगळा काळ बाप उपाशी.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. प्रवाळातल्या बहुतेक माशांची पिल्लं अंड्यातून निघाली की खुल्या समुद्रात वाहत जातात, कुणी काही दिवस, कुणी कित्येक आठवडे. त्यातली बहुसंख्य कुणाच्या तरी पोटात जातात. पण वाचलेल्यांतली काही दूरच्या दुसऱ्या प्रवाळावर पोचतात आणि जात पसरते. कार्डिनलांच्या इतर जातींतही नर तोंडात अंडी सांभाळतो, मात्र पिल्लं फुटली की त्यांना पाण्यात सोडून देतो. बांगाईने वाहून जाण्याचा तो टप्पाच गाळला. त्याचं पिल्लू बाहेर पडतं ते पट्ट्यांसकट, मोठ्या माशाची इवलीशी नक्कल होऊन, आणि जवळच्याच अर्चिनात जाऊन बसतं. तिथेच वाढतं. मोठं झाल्यावरही उथळ पाणी सोडून जात नाही, त्यामुळे दोन बेटांमधलं खोल पाणी त्याच्यासाठी भिंतच. काही किलोमीटरच्या अंतरावर राहणाऱ्या घोळक्यांमध्येसुद्धा आनुवंशिक फरक सापडले आहेत, इतके हे आपापल्या जागी घट्ट.

बाकीच्या समुद्रातलं पाणी त्याला सोसत नसेल, अशी शंका काहींना येते. तसं नाही. २००० सालच्या सुमारास व्यापाऱ्यांकडून काही मासे उत्तर सुलावेसीतल्या लेंबे सामुद्रधुनीत सुटले, शेकडो किलोमीटर दूर. तिथे ते छान रुजले. म्हणजे राहता येत होतंच, पोचता येत नव्हतं.

आणि म्हणूनच मला काळजी वाटते. वॉल्टर कॉडर्न या स्वीडिश संशोधकाने १९२० मध्ये याचे नमुने गोळा केले, १९३३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं, मग साठ वर्षं तो विस्मरणात गेला. १९९४ मध्ये मत्स्यतज्ज्ञ जेराल्ड ॲलन यांना तो पुन्हा सापडला आणि लगोलग मत्स्यालयांसाठी पकडणं सुरू झालं. २००१ च्या आसपास हा आकडा वर्षाला सहा-सात लाखांच्या घरात होता. २००७ मध्ये आययूसीएनने, म्हणजे निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, त्याला संकटग्रस्त ठरवलं. शिवाय तिथे अर्चिनही काढले जातात, म्हणजे मासा न पकडताही त्याचं घर जातं. एखाद्या खाडीतला घोळका संपला, तर बाहेरून वाहत येऊन तिची भरपाई करणारं पिल्लूच नाही. लेंबेत भरपूर आहेत ना, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. लेंबेतला मासा बांगाईची रिकामी खाडी भरणार नाही.

पाळायचाच असेल तर टँकमध्ये जन्मलेलाच घ्या, एवढा माझा आग्रह आहे. तो मिळतोही, कारण पिल्लं तयार होऊनच बाहेर येतात, त्यामुळे घरी वाढवायला इतर सागरी माशांच्या मानाने कितीतरी सोपी.

सध्याच्या नराचा आज चोविसावा दिवस. बाहेर आलेलं पिल्लू मोठे मासे गिळतात, कधी बापसुद्धा, म्हणून काळ्या केबल-टायचा एक खोटा अर्चिन करून कोपऱ्यात ठेवलाय. काल दिवे मंद होताना त्याने जांभईसारखं तोंड उघडलं, तेव्हा आत दोन-तीन इवले डोळे चमकले.