चिकटपट्टी

मला एक वाईट खोड आहे. कोणाच्या घरी गेले आणि हातात एखादी वस्तू आली, की मी ती आधी उलटी करून बघते. रिमोट, साबणदाणी, बादलीतला मग, काहीही. यजमानांना वाटतं, बाई किमतीची चिठ्ठी शोधतायत. मी शोधत असते ते जन्मखुणा. प्लॅस्टिकच्या मगाच्या बुडाशी मधोमध एक खरखरीत ठिपका असतो. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात शिरलं ते तिथून. ती त्या मगाची बेंबी. रिमोटच्या झाकणाच्या आत बारीक गोल ठसे दिसतात, ते निवलेला भाग साच्याबाहेर ढकलणाऱ्या पिनांचे. आणि तो मग तोंडाशी थोडा पसरट असतो तो काही केवळ शोभेसाठी नाही. भिंतींना एखाद-दुसऱ्या अंशाचा उतार दिला नाही, तर तो साच्याच्या पोलादाला असा धरून बसतो की सोडवताना ओरखडेच पडतात.

माझा धंदा प्रॉडक्ट डिझाइनचा. आम्ही वस्तूला रूप देतो, असा एक समज आहे आणि पहिली काही वर्षं माझाही तोच होता. तेव्हाच मी एक बॅटरी डिझाइन केली. अंधारात हातात धरायची ती. विजेरी म्हटलं तर कोणी चटकन देणार नाही. बटण अंगाशी असं सपाट बसवलं होतं की सांधासुद्धा दिसू नये. कागदावर ती इतकी देखणी दिसायची की मी ते चित्र टेबलासमोर टांगून ठेवलं होतं.

साच्यातून निघालेले पहिले काही नग वापरून बघायला दिले. त्यातला एक ओळखीच्या एका आजींकडे गेला. आठवड्यानं परत आणायला गेले, तर बटणावर चिकटपट्टीचा तुकडा. जखमेवर लावतात ती, दुहेरी घडी घालून.

“आजी, हे काय?”

“अगं, काही नाही. बॅटरी छानच आहे तुझी. माझीच बोटं मेली बधिर झालीयत, अंधारात बटण सापडेना.”

चूक माझी आणि ती पदरात घेतली त्यांनी. हे मी पुढे शंभरदा पाहिलं. माणसं वस्तूबद्दल तक्रार करत नाहीत, स्वतःला दोष देतात आणि काहीतरी जुगाड करून मोकळी होतात. झिपेला बांधलेला दोरा, टेबलाच्या पायाखालची कागदाची घडी, चार्जरच्या मानेवर गुंडाळलेली टेप. ‘काही अडचण येते का?’ असं विचारलं तर ‘छे, काही नाही’ हेच उत्तर मिळतं. म्हणून विचारायचं कमी आणि हातांकडे बघायचं जास्त.

अमेरिकी उद्योजक सॅम फार्बर यांनी तेच केलं. पत्नी बेट्सी यांना संधिवात. सफरचंद सोलताना सोलाण्याची पातळ धातूची मूठ त्यांना धरवेना. अशी सोलाणी कितीतरी वर्षं घरोघरी बोटांत रुतत होती. फार्बर यांनी ‘स्मार्ट डिझाइन’च्या डिझायनरांना कामाला लावलं आणि 1990 मध्ये ‘ऑक्सो’चं जाड, काळ्या रबरी मुठीचं सोलाणं बाजारात आलं. मूठ लंबगोल, म्हणजे ओल्या हातात फिरत नाही. बाजूंना सायकलच्या मुठीसारख्या लवचिक पट्ट्या, म्हणजे बोट आपसूक तिथंच पडतं. गंमत अशी, की ते दुखऱ्या सांध्यांसाठी केलेलं आणि धडधाकट माणसांनीही उचलून धरलेलं.

पॅट्रिशिया मूर यांची गोष्ट त्याहून विलक्षण. न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या डिझाइन कचेरीत त्या कामाला होत्या. फ्रीजचं दार संधिवाताच्या माणसाला उघडता येईल असं करूया का, असं त्यांनी बैठकीत विचारलं. तसल्या लोकांसाठी आपण डिझाइन करत नसतो, असं उत्तर आलं. मग 1979 मध्ये, सव्विसाव्या वर्षी, त्यांनी म्हातारीचा वेश घेतला: धूसर दिसणारा चष्मा, कानात बोळे, सांधे जखडलेले. 1982 पर्यंत त्या अधूनमधून तशा अमेरिका-कॅनडातल्या शहरांतून हिंडल्या. मला एवढं धैर्य नाही. मी फार तर जाड हातमोजे घालून बरणी उघडते.

‘पाम पायलट’ या खिशात मावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डायरीवाल्या जेफ हॉकिन्स यांची युक्ती मात्र मी सर्रास चोरते. यंत्र बनण्याआधी ते खिशाच्या मापाचा लाकडी ठोकळा घेऊन हिंडत. भेटीची वेळ ठरवायची झाली की ठोकळा काढून त्यावर काडीनं लिहिल्यासारखं करत. सोबतच्यांना काय वाटत असेल ते असो, पण वस्तू खिशाला जड कशी लागते, दिवसातून कितीदा बाहेर निघते, हे लाकूडही सांगतं.

तर माझी बॅटरी. बटणावर उंचवटा हवा होता आणि साचा तर तयार. नशीब एवढंच की उंचवटाच हवा होता. प्लॅस्टिक वाढवायचं तर साच्यातलं पोलाद कोरून काढायचं, ते सोपं. खड्डा हवा असता तर पोलाद भरून आणावं लागलं असतं. साचेवाले तेव्हा जे बोलतात ते इथं लिहिण्यासारखं नसतं. मेणाचे तीन थेंब तीन उंचीचे लावले आणि दिवे घालवून कचेरीतल्या सगळ्यांच्या हाती दिले. अर्धा मिलिमीटर कोणाला कळलाच नाही. दीड मिलिमीटर पिशवीत ठेवताना आपसूक दाबला जाई. एक मिलिमीटर ठरला.

नवी बॅटरी घेऊन आजींकडे गेले. त्यांनी ती हातात घेतली, बोलता बोलताच लावली, विझवली, पुन्हा लावली. अंगठ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी वाट बघत होते.

“बरी आहे,” त्या म्हणाल्या. “पण मागची दिसायला जास्त छान होती गं.”