फुकट तिकीट आणि कसाऱ्याचा घाट: पॉइंटांवर नाशिक ते लेह

आधी निकाल सांगतो. विमान कंपन्यांच्या पॉइंट योजनेत (प्रवासावर पॉइंट साठतात, ते देऊन तिकीट निघतं) नाव नोंदवा, त्याला पैसे पडत नाहीत. पण पॉइंट मिळावेत म्हणून एकही तिकीट काढू नका. आणि नाशिकहून निघणार असाल तर ‘फुकट’ तिकिटाचा हिशेब आपल्या घराच्या दारापासून मांडा. मी तो मुंबईच्या विमानतळापासून मांडला होता. एक अख्खा दिवस, भरपूर पैसे आणि बायकोची दोन रात्रींची झोप त्यात गेली.

मी नाशिकच्या सातपूरला नोकरी करतो. मशीन बसवायला चार वर्षं दिल्ली, चेन्नई, कोलकाता अशा फेऱ्या झाल्या. तिकिटं कंपनीने काढली, पण पॉइंट प्रवाशाच्या खात्यात जमा होतात, पैसे कोणीही भरलेले असोत. असे ४६,००० साठले. ऑफिसातले एक जण म्हणाले, “अहो, एवढ्यात दोघं लेहला फुकट जाऊन याल.” त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. ते मुंबईत राहतात, एवढाच फरक.

मुंबई–दिल्ली–लेह आणि परत, माणशी २२,००० पॉइंट. बुकिंगच्या शेवटच्या पानावर कर आणि शुल्काचे माणशी २,९०० रुपये दिसले. हा पहिला धक्का. पॉइंटमधून सुटतं ते मूळ भाडं. विमानतळाचं शुल्क आणि कर बहुतेक ठिकाणी रोख भरावे लागतात. परदेशी मार्गांवर काही कंपन्या वर इंधन अधिभारही लावतात आणि तो कधीकधी इतका असतो की सवलतीचं साधं तिकीट परवडतं. त्या दिवशी रोख तिकीट माणशी १५,८०० होतं. म्हणजे दोघांचे २५,८०० वाचले, एका पॉइंटला ५८ पैसे. एवढं मिळालं असतं तर माझी काहीच तक्रार नव्हती.

आता रस्ता. यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण सगळं नुकसान इथेच झालं.

विमान रात्री ९:४० चं. लेहला बहुतेक विमानं सकाळी उतरतात. दुपारी खोऱ्यात वारा सुटतो. त्यामुळे आमच्या तिकिटात मुंबईहून रात्री दिल्ली आणि पहाटे लेह, असा मेळ होता. दुपारी ३ वाजता इंदिरानगरमधून टॅक्सीने निघालो. ठरले होते ४,५०० रुपये, ‘सगळं धरून’. मी फोनवर स्पष्ट विचारलं होतं की समृद्धी महामार्गाने नेणार ना? हो म्हणाला होता. ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला. त्यात सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा आहे आणि कसारा घाट पूर्ण टळतो. माझं वेळेचं गणित त्यावरच होतं. घोटी मागे पडली, इगतपुरी आली आणि गाडी सरळ घाटाकडे गेली. मी मागून ओरडलो तर म्हणाला, “साहेब, घाट मोकळा आहे, आत्ताच फोन झाला.”

घाटात कंटेनर आडवा होता. अडीच तास आम्ही ट्रकच्या मागच्या पाटीकडे बघत बसलो. खाली उतरलो तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. आणि खरा वाईट टप्पा पुढेच आहे, हे लक्षात ठेवा, कारण समृद्धीने गेलात तरी तो चुकत नाही: भिवंडीजवळचं वडपे ते ठाण्यातलं माजिवडा. जेमतेम २४ किलोमीटर. भिवंडीच्या गोदामांचे सगळे कंटेनर, रुंदीकरणाचं काम, खड्डे, मध्येच एका लेनवर आलेला रस्ता. आम्हाला सव्वा तास लागला. विमानतळाच्या दारात ९:०५ ला पोहोचलो. देशांतर्गत विमानाचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. आमचं ८:४० ला झालं होतं.

टॅक्सीवाल्याने तिथे उभं राहून ६,१५० मागितले. समृद्धीचा टोल (ज्या रस्त्याला गाडीचं चाकही लागलं नव्हतं), पार्किंग आणि घाटातल्या खोळंब्याचे ‘वेटिंग’. बायको रडवेली झाली होती, माझ्या डोक्यात विमान होतं. मी दिले. तुम्ही देऊ नका. निघण्यापूर्वी रस्ता, टोल आणि वेटिंग हे तिन्ही शब्द मेसेजवर लिहून घ्या.

काउंटरवर कळलं की आम्ही आता ‘नो-शो’, म्हणजे विमानाला न आलेले प्रवासी, आहोत. पॉइंटच्या तिकिटात याचा अर्थ नीट समजून घ्या. एका तिकिटावरचा पहिला टप्पा चुकवला की बहुतेक कंपन्या पुढचे सगळे टप्पे, परतीसकट, आपोआप रद्द करतात. पॉइंट परत मिळतीलच असं नाही. आमच्या तिकिटात तीन तास आधीपर्यंत तारीख बदलता येत होती. म्हणजे ६:४० पर्यंत. तेव्हा आम्ही घाट उतरत होतो आणि माझ्या हातात फोन होता, रेंजही होती. त्या क्षणी फोन केला असता तर थोडक्यात निभावलं असतं. मी पोहोचू अशी आशा धरून बसलो. अडकलात असं वाटलं की आशा सोडा आणि गाडीतूनच तारीख बदला.

काउंटरवरच्या बाई भल्या होत्या. वरिष्ठांना विचारून त्यांनी दुसऱ्या रात्रीच्या जागा काढून दिल्या, माणशी ४,००० रुपये भरून. पॉइंटच्या जागा प्रत्येक विमानात मोजक्याच ठेवतात; दुसऱ्या दिवशी मिळाल्या हे नशीब. अंधेरीत ३,८०० ची खोली, लेहच्या गेस्ट हाउसचे पहिल्या रात्रीचे १,८०० बुडाले.

पैशांपेक्षा मोठं नुकसान त्या दिवसाचं. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. विमानाने गेलात तर दोन पूर्ण दिवस नुसतं पडून राहायचं, हा नियम आहे. परतीची तारीख पक्की, लेहजवळच्या मार्खा खोऱ्यातल्या ट्रेकचा घोडेवाला ठरलेला, त्यामुळे कापला गेला तो विश्रांतीचा दिवस. एकाच दिवसाच्या आरामावर मार्खा खोऱ्यात शिरलो आणि बायकोचं डोकं दोन रात्री ठणकलं, जेवण जाईना. ती कळसूबाई न थांबता चढते, दर पावसाळ्यात हरिहर करते. दम आणि उंची या वेगळ्या गोष्टी आहेत. तिसऱ्या दिवशी उतार पडला म्हणून पुढे गेलो. नसता पडला तर मी तिला घेऊन मागे फिरणार होतो. पॉइंटच्या तिकिटावर उंचावर जाणाऱ्यांनी एक मोकळा दिवस विमानासाठी आणि दोन शरीरासाठी ठेवावेत. हा मोकळा दिवस परवडत नसेल तर पॉइंट वापरू नयेत.

ट्रेकबद्दल फार लिहीत नाही. सह्याद्रीत पाठीवर बारा किलो घेऊन चालणाऱ्याला मार्खा जड नाही. ओढे ओलांडायला चपला, रात्रीला चांगली स्लीपिंग बॅग. गॅसचं सिलिंडर विमानात कुठेच चालत नाही, लेहमध्ये घ्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, काठ्या सामानात. लेहच्या टॅक्सी युनियनचं छापील दरपत्रक असतं, घासाघीस नाही. मुंबईतल्या त्या रात्रीनंतर तो कागद पाहून मला फार बरं वाटलं. शेवटच्या खिंडीवर, पाच हजार मीटरच्या वर, आम्ही दोघं अर्धा तास नुसते बसलो होतो. आयुष्यात एकदा तरी परत जाईन.

आता योजनेचं पोट उघडून दाखवतो, कारण परतल्यावर मी महिनाभर हेच वाचत होतो.

अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये आपली ‘ॲडव्हांटेज’ योजना काढली आणि बाकीच्यांनी ती उचलली. तेव्हा जितके मैल उडाल तितके पॉइंट, म्हणून त्यांना अजून ‘माइल्स’ म्हणतात. आता बहुतेक ठिकाणी पॉइंट खर्चलेल्या पैशांवर मिळतात. अमेरिकेच्याच डेल्टा आणि युनायटेड या कंपन्यांनी हा बदल २०१५ मध्ये केला, एअर इंडियाने २०२४ मध्ये. त्यातही कर वगळून, मूळ भाड्यावर. म्हणजे महिनोन्‌महिने आधी स्वस्त तिकीट शोधणारा आपल्यासारखा माणूस सर्वांत कमी पॉइंट मिळवतो. लांबचा, कंपनीच्या खर्चाने, आयत्या वेळी जाणारा सर्वांत जास्त.

यातला पैसा बँकांकडून येतो. विमान कंपनी आपले पॉइंट बँकेला घाऊक विकते, बँक ते क्रेडिट कार्डवाल्यांना वाटते. हा धंदा इतका मोठा आहे की २०२० मध्ये विमानं जमिनीवर उभी असताना युनायटेडने आपली पॉइंट योजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले. हे वाचलं तेव्हा मला कळलं की पॉइंट ही माझी बचत नाही. ते कंपनीने छापलेलं चलन आहे आणि त्याचा भाव तीच ठरवते. आज २२,००० ला मिळणारी जागा उद्या ३०,००० ला झाली तर दाद मागायला जागा नाही. किंगफिशरची विमानं २०१२ मध्ये थांबली, जेटची १७ एप्रिल २०१९ ला. जेटची योजना वेगळ्या कंपनीत होती म्हणून ‘इंटरमाइल्स’ नावाने टिकली. म्हणून साठवू नका. जमले की वापरा.

नाशिककरांसाठी आणखी एक गोष्ट. ओझरहून, म्हणजे नाशिकच्याच विमानतळावरून, दिल्लीला जायचं तर विमान इंडिगोचं. इंडिगोची ‘ब्लूचिप’ योजना २०२४ ची आहे आणि ती कंपनी विमान कंपन्यांच्या तिन्ही मोठ्या जागतिक संघांपैकी कशातच नाही. एअर इंडिया २०१४ पासून त्यातल्या स्टार अलायन्समध्ये आहे. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला तिच्यात विलीन झाली आणि योजनेचं नाव आता ‘महाराजा क्लब’ आहे. तिथले पॉइंट सिंगापूर एअरलाइन्स किंवा लुफ्तान्साच्या जागांवरही वापरता येतात. मुलगा-सून परदेशात असलेल्यांना याचा खरा उपयोग आहे. ओझरहून वर्षातून दोनदा दिल्लीला जाणाऱ्याला नाही. टियर (जास्त उडणाऱ्यांना मिळणारा वरचा दर्जा), लाउंज, प्राधान्याची रांग हे सगळं महिन्यात दोन-तीनदा उडणाऱ्यांसाठी आहे. त्याच्या मागे लागू नका.

कार्डाबद्दल माझं मत कडक आहे. वार्षिक फी असलेलं कार्ड फक्त पॉइंटसाठी घेऊ नये. एकदाही बिल थकलं तर वर्षभराचे पॉइंट व्याजात जातात. आणि बँकेचे पॉइंट विमान कंपनीकडे वळवले की परत येत नाहीत. आधी जागा आहे का पाहा, मग वळवा. मी ४,००० पॉइंट आधी वळवून बसलो आणि माझ्या पहिल्या दोन तारखांना जागाच निघाली नाही.

नाव नोंदवताना आपल्याकडची एक अडचण लक्षात घ्या. आधारवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, तिकिटावर नसतं. लग्नानंतर आडनाव बदललेलं असेल तर आणखी गोंधळ. खात्यातलं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षर न अक्षर जुळलं नाही तर पॉइंट जमा होत नाहीत. बायकोच्या दोन फेऱ्या अशाच गेल्या. पॉइंट जमा होईपर्यंत बोर्डिंग पास फेकू नका. नंतर मागणी करता येते, पण त्याला मुदत असते. मुदत पॉइंटांनाही असते. सिंगापूर एअरलाइन्सचे तीन वर्षांत संपतात. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, स्वयंपाकघरातल्या.

माझा शेवटचा हिशेब. कर ५,८००, टॅक्सी ६,१५०, तारीख बदल ८,०००, अंधेरी ३,८००, लेहची बुडालेली रात्र १,८००, परतीची रेल्वे आणि रिक्षा मिळून ७००. एकूण २६,२५०. त्याच तारखांना ओझर–दिल्ली–लेह आणि परत, रोखीने, दोघांचं ३४,४०० होतं. घर ते ओझर जाऊन-येऊन १,४०० धरा. ३५,८००. म्हणजे ४४,००० पॉइंट खर्चून वाचले ९,५५०. एका पॉइंटला २२ पैसेसुद्धा नाहीत. विमान चुकलं नसतं आणि टॅक्सी ठरल्या भावात झाली असती तर ५६ पैसे पडले असते. फरक सगळा त्या रस्त्याचा.

परतताना मी टॅक्सी केली नाही. दुपारी मुंबईत उतरलो, दादर गाठलं, मिळाली ती गाडी धरली. कसाऱ्याहून गाडी घाट चढत होती आणि खिडकीतून हायवेवरचे ट्रक दिसत होते, उभेच. इगतपुरीला वडापाव खाल्ला. बायकोने विचारलं, जातानाही असंच का नाही आलो? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हा रात्रीचं मुंबईचं विमान असेल तर सकाळी ७ च्या सुमारास नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस धरा. दादरला उतरा, दिवस कोणा नातेवाइकाकडे काढा. सकाळचं विमान असेल तर आदल्या दिवशीच जा आणि त्या मुक्कामाचे पैसे तिकिटात धरा. ते धरून ओझरचं तिकीट माणशी दोन-तीन हजारांनीच महाग पडत असेल, तर ओझरहून जा.